तिसऱ्या रंगाची प्रतीक्षा

रंग पालटणारा दिवा आता कोणाला नवलाचा वाटत नाही. गणेशोत्सवातील मखर, लग्नाचा मांडव, नदीवरील पूल, राजवाड्याची दर्शनी भिंत, इतकेच काय, लहान मुलांच्या निजायच्या खोलीतील इवलासा दिवासुद्धा आज घटकेत तांबडा, घटकेत हिरवा आणि घटकेत जांभळा होतो. सरड्याने रंग बदलावा तसा हा दिवा रंग बदलतो, असे आपण सहज बोलून जातो. परंतु नीट चौकशी केली तर असे आढळते की, रंग बदलणारा दिवा म्हणून जगात काही वस्तूच नाही. ज्याला आपण एक दिवा समजतो त्याच्या पोटात तीन दिवे असतात. एक तांबडा, एक हिरवा आणि एक निळा. यांपैकी प्रत्येक जण जन्मभर आपला एकच रंग धरून राहतो. बदलते ते त्यांचे परस्परांशी असलेले प्रमाण, आणि त्या प्रमाणातून नवा रंग उमटतो तो पाहणाराच्या डोळ्यांत.

हे तीन सोबती एका वेळी जन्मलेले नाहीत. डोळ्यांना दिसेल असा उपयुक्त तांबडा १९६२ साली आला. तेजस्वी निळा यायला १९९३ साल उजाडावे लागले. मधली एकतीस वर्षे साऱ्या जगाच्या प्रयोगशाळा या तिसऱ्याच्या वाटेकडे डोळे लावून बसल्या होत्या. काही कंटाळून उठून गेल्या, काही बसून राहिल्या. त्या प्रतीक्षेचा इतिहास आणि ती फळास आल्यावर आपल्या हाती काय पडले याचा थोडा विचार, असा आजच्या भाषणाचा विषय आहे.

दिव्याला रंग देण्याची हौस फार जुनी आहे. इटलीतील वास्तुविशारद सेबास्तियानो सेर्लिओ यांनी १५४५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात रंगभूमीवरील रोषणाईची कृती दिली आहे. काचेच्या पात्रांत रंगीत पाणी भरावे, ती पात्रे देखाव्याला पाडलेल्या भोकांत बसवावी आणि त्यांच्यामागे दिवे ठेवावेत, म्हणजे प्रेक्षकांना रत्ने चमकल्याचा भास होतो. माणकाच्या रंगासाठी तांबडे मद्य चालत असे. नीलमण्यासारखा निळा साधण्यासाठी मात्र पितळेच्या भांड्यात नवसागर घासून पाण्याला रंग आणण्याची खटपट करावी लागे. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतून टांगलेल्या रंगीत काचेच्या हंड्या आणि दिवाळीचा आकाशकंदील यांचे तत्त्व याहून निराळे नाही. आत एक साधी ज्योत, आणि बाहेर रंगीत काच, पाणी किंवा कागद. पुढे नाटकगृहांतून विजेचे दिवे आले तेव्हा त्यांच्यापुढे जिलेटिनचे रंगीत पापुद्रे लावू लागले; कृती तीच राहिली.

या कृतीत एक उणीव आहे. रंगीत काच प्रकाशाला रंग देते असे वाटते. प्रत्यक्षात ती बाकीचे रंग गिळून टाकते आणि एकच बाहेर जाऊ देते. म्हणजे दहा रुपये खर्चून आठ रुपये दारातच जकात भरावी, तसा हा व्यवहार. त्यातही निळ्याचे हाल सर्वांत अधिक. तापलेल्या तारेच्या बल्बच्या प्रकाशात तांबडा-पिवळा भाग विपुल आणि निळा अगदी थोडा. त्या थोड्यातून निळी काच जे काही बाहेर सोडते ते इतके अंधुक असते की, नाटकातील चांदणी रात्र उभी करताना रंगमंचव्यवस्थापकाची तारांबळ उडत असे. शिवाय रंग पालटायचा तर काच पालटली पाहिजे, आणि त्यासाठी माणूस दिव्यापाशी गेला पाहिजे.

गिळण्याऐवजी मिळवून रंग करता येईल, ही कल्पना कोठून आली? न्यूटनने लोलकातून पांढरा प्रकाश फोडून त्यातले रंग दाखविले होते. १८०२ साली इंग्लंडातील डॉक्टर टॉमस यंग यांनी असा तर्क मांडला की, असंख्य रंग ओळखण्यासाठी डोळ्यात असंख्य यंत्रे असणे शक्य नाही. तीनच प्रकारच्या संवेदना असाव्यात आणि त्यांच्या कमीअधिक प्रमाणातून सारे रंग जाणवत असावेत. या तर्काला प्रयोगाचे रूप दिले ते जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी. १७ मे १८६१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी एका रंगीबेरंगी फितीची तीन छायाचित्रे दाखविली. ती टॉमस सटन यांनी तांबड्या, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांतून घेतली होती. प्रत्येक चित्र त्याच रंगाच्या प्रकाशातून पडद्यावर टाकून तिन्ही प्रतिमा एकमेकींवर बसविल्या, तेव्हा ती फीत आपल्या रंगांसह पडद्यावर उमटली.

यामागचे रहस्य ध्यानात ठेवण्यासारखे आहे. तांबडा आणि हिरवा प्रकाश एकत्र आला की आपल्याला पिवळा दिसतो. पण त्या ठिकाणी पिवळ्या प्रकाशाचा एक कणही नसतो. खरा पिवळा प्रकाश आणि हा मिश्रणाचा पिवळा यांतला फरक आपल्या डोळ्याला सांगता येत नाही. कान मात्र असा फसत नाही. षड्ज आणि पंचम एकदम वाजले तर ऐकणाराला दोन्ही स्वर वेगळे ओळखू येतात, मधला एखादा तिसराच स्वर ऐकू येत नाही. डोळ्याची ही मर्यादा हेच रंग बदलणाऱ्या दिव्याचे सारे भांडवल आहे. तीन रंगांचे तीन दिवे, आणि प्रत्येकाचा प्रकाश हवा तसा कमीजास्त करण्याची सोय, एवढे हाती आले की काम झाले. मॅक्सवेलनंतर तत्त्वाला काही बाकी राहिले नव्हते. उणीव होती ती दिव्यांची.

त्या दिव्यांचा पहिला अंकुर एका अगदी अनपेक्षित ठिकाणी फुटला. सुऱ्या-कात्र्यांना धार लावण्याच्या चाकांत जो कार्बोरंडम नावाचा कठीण पदार्थ वापरतात, त्याच्या स्फटिकावर हेन्री जोसेफ राउंड हे इंग्रज अभियंते १९०७ साली बिनतारी संदेशाच्या संदर्भात प्रयोग करीत होते. ते मार्कोनींचे सहकारी. स्फटिकाला दोन ठिकाणी तारा टेकवून वीज सोडताच त्यातून पिवळसर प्रकाश बाहेर पडला. दाब वाढविल्यावर आणखी पुष्कळ स्फटिक उजळले. काहींतून हिरवा, काहींतून नारिंगी आणि काहींतून निळासुद्धा प्रकाश आला. त्यांनी एका विद्युत्‌विषयक नियतकालिकात एक छोटीशी टीप लिहिली आणि ते आपल्या मूळ कामाकडे वळले. ज्या निळ्यासाठी पुढे जगाने इतकी वर्षे घालविली तो पहिल्याच दिवशी अंधुकसा दर्शन देऊन गेला होता, ही इतिहासाची एक गंमतच म्हटली पाहिजे.

त्यानंतर वीस वर्षांनी हेच तेज रशियातील एका तरुणाच्या दृष्टीस पडले. त्याचे नाव ओलेग लोसेव्ह. १९०३ साली जन्मलेला हा तरुण निझ्नी नोव्हगोरोडच्या रेडिओ प्रयोगशाळेत काम करीत होता. राउंडनी जे केवळ नोंदले होते, त्याचा लोसेव्हने अभ्यास मांडला. हा प्रकाश उष्णतेचा तर नव्हे ना, हे पाहण्यासाठी त्याने उजळलेल्या स्फटिकावर बेंझिनचा थेंब टाकला. थेंब काही लवकर उडून गेला नाही. म्हणजे दिवा पेटला होता, पण तापला नव्हता. मानवाने अग्नी जिंकल्यापासून ज्योत, कंदील, गॅसची बत्ती आणि तारेचा बल्ब या सर्वांत प्रकाश हा उष्णतेच्या पाठोपाठच येत असे. येथे ती सोबत सुटली होती. १९२७ पासून लोसेव्हने या विषयावर निबंध लिहिले, संदेशवहनासाठी या प्रकाशाचा उपयोग करता येईल अशा आशयाचे पेटंटही मागितले. परंतु १९४२ साली, लेनिनग्राडला पडलेल्या वेढ्यात, अन्नावाचून त्याचा अंत झाला. वय अवघे अडतीस वर्षांचे. त्याच्या कामाची थोरवी लोकांना फार पुढे उमगली.

हा थंड प्रकाश निर्माण कसा होतो ते थोडक्यात सांगतो. काही स्फटिक असे असतात की ते धातूप्रमाणे वीज मोकळेपणाने वाहू देत नाहीत आणि काचेप्रमाणे सर्वस्वी अडवीतही नाहीत. त्यांना अर्धवाहक म्हणतात. त्यांत अल्पशी भेसळ करून दोन थर तयार करतात. एका थरात इलेक्ट्रॉन जादा असतात, तर दुसऱ्यात इलेक्ट्रॉनच्या जागा रिकाम्या असतात. या रिकाम्या जागांना विवरे म्हणतात. वीज सोडली की दोन थरांच्या सीमेवर इलेक्ट्रॉन विवरात पडतो आणि पडताना जी शक्ती मोकळी होते ती प्रकाशरूपाने बाहेर येते. पायरी ठेंगणी असेल तर प्रकाश तांबडा, उंच असेल तर निळा. ही उंची त्या त्या पदार्थाची उपजत असते. म्हणूनच असा दिवा आपला रंग बदलू शकत नाही; रंग हा त्याच्या हाडामांसात असतो. तांबड्या दिव्याला साधारण दोन व्होल्टचा दाब पुरतो, निळ्याला तीनच्या आसपास लागतो, तो या उंच पायरीमुळेच. अशा दिव्याला प्रकाश-उत्सर्जक डायोड म्हणतात. व्यवहारात त्याचे एलईडी हे नाव रूढ झाले आहे.

यातला पहिला दृश्य आणि उपयोगी दिवा अमेरिकेत जन्मला. इलिनॉय प्रांतात कोळशाच्या खाणीत राबणाऱ्या एका स्थलांतरित मजुराचा मुलगा, निक होलोन्याक, हा सिरॅक्यूस येथील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करीत होता. गॅलियम, आर्सेनिक आणि फॉस्फरस यांच्या मिश्रणापासून त्याने ऑक्टोबर १९६२ मध्ये तांबडा प्रकाश मिळविला. या मिश्रणातले प्रमाण बदलले की पायरीची उंची बदलते, हे त्याने ओळखले होते. पुढल्याच वर्षी त्याने असे भाकीत केले की, एक दिवस हे स्फटिक तारेच्या बल्बची जागा घेतील. ते भाकीत त्या वेळी अनेकांना अतिशयोक्तीचे वाटले असल्यास नवल नाही. कारण त्याचा दिवा यंत्रावर खूण दाखविण्यापुरताच उजळत होता. होलोन्याक यांचाच विद्यार्थी जॉर्ज क्रॅफर्ड याने १९७२ साली पिवळा दिवा तयार केला. पिवळट हिरवाही आला. गणकयंत्रांवरचे आकडे आणि मनगटी घड्याळांतले तांबडे अंक ही त्या काळाची देणगी.

मात्र निळा येईना. निळ्याच्या अभावी पांढरा प्रकाशही होईना. कारण पांढरा म्हणजे सर्वांची बेरीज, आणि बेरजेतला एक आकडाच गायब. पदार्थ कोणता घ्यावा याविषयी मतभेद होते. बहुसंख्य संशोधकांचा ओढा झिंक सेलेनाइडकडे होता. दुसरा उमेदवार गॅलियम नायट्राइड. त्याची पायरी पुरेशी उंच होती, परंतु त्याचे दोन दुर्गुण प्रसिद्ध होते. एक असा की, त्याचा निर्दोष स्फटिक वाढविण्यासाठी जुळता पाया मिळत नव्हता. नीलमणी जातीच्या स्फटिकावर तो वाढवावा तर भेगा पडत. दुसरा असा की, त्यात विवरांचा थर काही केल्या तयार होत नव्हता. अमेरिकेच्या आरसीए कंपनीला भिंतीवर टांगता येईल असा सपाट दूरचित्रवाणीचा पडदा हवा होता. तेथे हर्बर्ट मारुस्का आणि जॅक पॅनकोव्ह यांनी १९७२ च्या सुमारास मंद निळा-जांभळा उजेड पाडून दाखविला. पण तो फारच क्षीण होता आणि लवकरच ते काम गुंडाळले गेले. इतर ठिकाणीही एकेक दिवा असाच मालवत गेला.

जपानातील नागोया विद्यापीठात इसामू आकासाकी हे प्राध्यापक मात्र हट्टाने गॅलियम नायट्राइडलाच धरून राहिले. १९८२ साली हिरोशी अमानो हा विद्यार्थी त्यांच्याकडे आला. स्फटिक वाढविण्याचे प्रयोग त्याने हजाराहून अधिक वेळा केले, आणि प्रत्येक वेळी हाती दुधी, खरबरीत थर येई. १९८५ साली एके दिवशी भट्टी नेहमीइतकी तापेना. त्या कमी उष्णतेत अमानोने प्रथम अॅल्युमिनियम नायट्राइडचा पातळ थर बसविला आणि मग त्यावर नेहमीचा थर चढविला. बाहेर काढलेली चकती काचेसारखी स्वच्छ होती. पुढे १९८९ साली विवरांचा थरही साधला. तोही अशाच सूक्ष्म निरीक्षणातून. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासताना पदार्थ अधिक उजळतो असे त्यांना दिसले, आणि त्या इलेक्ट्रॉनच्या माऱ्यानेच त्याचा दुसरा दुर्गुण हटत होता.

याच सुमारास शिकोकू बेटावर, निचिया नावाच्या एका लहान रसायन कंपनीत, शूजी नाकामुरा हा तंत्रज्ञ याच वाटेवर एकटा चालत होता. त्याच्यापाशी नामांकित विद्यापीठाची पदवी नव्हती, आणि डॉक्टरेटही तोवर नव्हती. १९८८ साली त्याने कंपनीचे संस्थापक नोबुओ ओगावा यांच्याकडे जाऊन निळ्या दिव्यासाठी पैसा मागितला आणि वृद्ध ओगावांनी तो मंजूर केला. पुढे व्यवस्थापन बदलल्यावर काम थांबविण्याचे आदेश आले आणि आपण ते बाजूला सारले, असे नाकामुरांनी स्वतः सांगितले आहे. त्यांनी भट्टीची रचना स्वतःच्या हातांनी बदलली. वायूचे दोन झोत सोडून थर दाबून बसविण्याची युक्ती काढली. आणि विवरांच्या थराला सूक्ष्मदर्शकाची गरज नाही, नुसते तापविले तरी भागते, हे दाखवून दिले. नोव्हेंबर १९९३ मध्ये कंपनीने तेजस्वी निळा दिवा जाहीर केला. शुद्ध हिरवा दिवाही दोनएक वर्षांत त्याच कुळातून निघाला. जुना पिवळट हिरवा मिश्रणाच्या कामी अपुराच पडत होता. १९९६ साली निळ्यावर पिवळी भुकटी बसवून पांढरा दिवा आला. आज आपल्या घरोघरी लागलेले पांढरे दिवे बहुतांशी त्याच वंशातले. म्हणजे दिसायला पांढरा, पण पोटात निळाच.

या कथेचा एक कडवट भागही सांगितला पाहिजे. या शोधाबद्दल नाकामुरांना कंपनीकडून २०,००० येनचे बक्षीस मिळाले होते. २००१ साली त्यांनी दावा लावला. २००४ साली टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने त्यांना २,००० कोटी येन द्यावेत असा निकाल दिला. अपिलात २००५ साली तडजोड झाली ती सुमारे ८४ कोटी येनवर. एखाद्या शोधातला वाटा संशोधकाचा किती आणि त्याला पोसणाऱ्या संस्थेचा किती, हा प्रश्न त्यामुळे साऱ्या जपानात चर्चिला गेला. २०१४ साली आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. तांबड्या दिव्याचे जनक होलोन्याक यांना ते मिळाले नाही, याची खंत त्यांनी बोलून दाखविली.

तिन्ही सोबती एकत्र आल्यावर त्यांना एका हुकमात वागविण्याचे काम उरले होते. १९९७ साली बोस्टन येथे जॉर्ज म्यूलर आणि इहोर लिस या दोघा तरुणांनी कलर कायनेटिक्स नावाची कंपनी काढली. प्रत्येक दिव्याचा उजेड कमी करण्यासाठी त्याची वीज कमी करण्याऐवजी तो सेकंदातून शेकडो वेळा पेटवायचा आणि विझवायचा, ही त्यांच्या दिव्यांतली रीत. पेटलेला काळ जास्त तर उजेड जास्त; विझलेला काळ जास्त तर उजेड कमी. डोळ्याला ही उघडझाप जाणवत नाही. तारेचा बल्ब असल्या कामास निरुपयोगी; कारण त्याची तार तापायला आणि निवायला वेळ घेते. तिन्ही रंगांच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या मानल्या तर त्यांच्या मेळातून १,६७,७७,२१६ छटा होतात. विक्रेते जे दीड-पावणेदोन कोटी रंग सांगतात त्याचा हिशेब हा असा आहे. त्यातल्या शेजारशेजारच्या छटा वेगळ्या ओळखणे मात्र कोणाच्याही डोळ्याला शक्य नाही, हेही सांगून ठेवतो.

या नव्या सोयीने काय बदलले, हे न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीवरून उत्तम दिसते. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षे झाली म्हणून १९७६ साली त्या इमारतीचा माथा तांबड्या, पांढऱ्या आणि निळ्या प्रकाशात न्हाऊ लागला, आणि मग निरनिराळ्या प्रसंगी निरनिराळे रंग लावण्याचा प्रघात पडला. त्यासाठी माणसे वर जात आणि दिव्यांवरची रंगीत झाकणे हाताने बदलत. त्यात कित्येक तास मोडत. रंग होते नऊ. नोव्हेंबर २०१२ मध्ये तेथे एलईडी बसविले. जुने सुमारे ४०० दिवे जाऊन १,२०० नवे आले, आणि नऊ रंगांचे दीड कोटीहून अधिक झाले. आता संगणकाची कळ दाबली की निमिषार्धात शिखर पालटते. पूर्वी जो रंग लावायला तासन्‌तास खपावे लागे, तो कोणत्या कारणासाठी लावायचा याचा आधी विचार होई. आता तो विचार न करताही रंग लागू शकतो.

आपल्या देशातही ही लाट आली आहे. वास्तूवर प्रकाश आणि ध्वनी यांची सांगड घालून तिचा इतिहास सांगण्याची प्रथा फ्रान्समधील शांबोर येथील गढीवर १९५२ साली सुरू झाली आणि १९६५ साली दिल्लीच्या लाल किल्ल्यावर पोहोचली. त्या काळी पडदे आणि झाकणे यांवर सारी मदार असे. २०१७ साली दिल्लीतील नॉर्थ ब्लॉक आणि साउथ ब्लॉक या इमारतींवर रंग पालटणारे एलईडी कायमचे बसविण्यात आले. हैदराबादकर श्रोत्यांना दुर्गम चेरुवू तलावावरचा, २०२० साली खुला झालेला तारांचा पूल परिचयाचा आहे. रात्री त्या तारांवर खेळणारे रंग पाहण्यासाठी तेथे गर्दी लोटते. डोळ्यांना हे सुखद वाटते यात शंका नाही. पण या दिव्याचे मोठेपण केवळ शोभेत नाही, आणि शोभेपलीकडचे त्याचे उपयोग फारसे कोणी सांगत नाही, म्हणून ते सांगतो.

झाडे सूर्यप्रकाशातला तांबडा आणि निळा भाग प्रामुख्याने वापरतात. हिरवा त्यांच्या मानाने अधिक परतवितात, म्हणून तर ती हिरवी दिसतात. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकात २०१४ साली भाजी लावण्याचा जो वाफा नेला, त्यावर तांबडे, निळे आणि थोडे हिरवे एलईडी आहेत. हिरवे मुख्यतः माणसांच्या समाधानासाठी. ते नसते तर पाने जांभळट काळी दिसली असती. ऑगस्ट २०१५ मध्ये त्या वाफ्यातली सॅलडची पाने अंतराळवीरांनी खाल्ली. त्याच स्थानकात २०१६ पासून जुन्या नळ्यांच्या जागी जे दिवे बसविले त्यांना तीन छटा आहेत. कामासाठी साधा पांढरा, जागे राहण्यासाठी निळसर आणि झोपेपूर्वी तांबूस. तेथे चोवीस तासांत सोळा वेळा सूर्य उगवतो, तेव्हा शरीराला दिवस आणि रात्र समजावून सांगण्याचे काम दिव्यावर पडले.

याला शास्त्राचा आधार आहे. डोळ्याच्या पडद्यात पाहण्याच्या पेशींखेरीज आणखी एका प्रकारच्या पेशी असतात आणि त्या स्वतः प्रकाशाला जाणतात, असे २००२ साली सिद्ध झाले. त्यांचे काम शरीराच्या घड्याळाला वेळ कळविण्याचे, आणि त्यांना सर्वांत अधिक जाणवतो तो निळा प्रकाश. भरदुपारी त्याने तरतरी येते. रात्री उशिरा तोच प्रकाश मेंदूला अजून दिवस असल्याची खोटी वर्दी देतो आणि झोप लांबते. देवघरातल्या समईच्या पिवळ्या उजेडात आपले पूर्वज शांतपणे निजत, याचे एक कारण त्या उजेडात निळा जवळजवळ नव्हता, हेही असू शकेल.

प्राण्यांची गोष्ट याहून निकडीची. गोव्यात मोरजी, आगोंद आणि गालजीबाग येथील वाळूत ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालतात. पिल्ले रात्री बाहेर येतात ती समुद्रावरच्या फिकट उजेडाच्या रोखाने धावतात. किनाऱ्यावर पांढरे-निळसर दिवे असले तर ती उलट्या दिशेला वळतात आणि सकाळपर्यंत वाळूतच मरतात. पिवळसर-तांबड्या प्रकाशाचे आकर्षण त्यांना पुष्कळ कमी असते. हॉलंडमधील झाउदहूक-न्यूकोप या वस्तीत २०१८ साली रस्त्यावर तांबडे एलईडी लावले ते वटवाघळांच्या वाटा मोडू नयेत म्हणून. माणसांना रस्ता दिसतो आणि वटवाघळे आपल्या मार्गाने जातात. ज्या दिव्याला छटा बदलता येते, त्याला विणीच्या हंगामात नमते घेता येते. आणि ज्या रात्री किनाऱ्यावर कोणाचेच काम नसते त्या रात्री विझताही येते.

राउंडच्या टिपेपासून नाकामुरांच्या भट्टीपर्यंत ८६ वर्षे गेली. त्यात एका संशोधकाचा उपासमारीने बळी गेला, कित्येकांनी हाती आलेले काम सोडून दिले, आणि दोनचार जण हसे होत असतानाही चिकटून राहिले. त्यांनी ज्या रंगासाठी जन्म वेचले तो आज बाजारात शंभर-दोनशे रुपयांत मिळतो. इतक्या स्वस्त झालेल्या वस्तूची किंमत आपण आता तिच्या वापराने ठरवायची आहे. नगरपालिकेने पुलावर रोषणाई मंजूर करताना, देवस्थानाने शिखर उजळताना आणि गृहस्थाने माजघरात दिवा लावताना एवढे विचारावे की, हा रंग या वेळी कोणासाठी आहे. सणाच्या रात्री तो सर्वांसाठी असेल आणि मनसोक्त असावा. एरवी रात्री दहानंतर शिखर विझवावे, माजघरातला दिवा तांबूस करावा, आणि किनाऱ्याच्या गावांनी नोव्हेंबर ते मे या महिन्यांत समुद्राकडच्या बाजूला तरी पांढरा उजेड टाळावा. यातले काहीच अवघड नाही. दिवा आता सांगू ते ऐकतो.